लांडग्यानं गिळलेला राजा: अण्णांसोबत प्राग, कुत्ना होरा आणि किर्चबर्ग

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज छोटी लवकर झोपलीय आणि बाहेर पाऊस लागलाय तर बसलेच लिहायला. ऑक्टोबरमध्ये आई-अण्णा आमच्याकडे म्युनिकला आले होते. आईला नातीला सोडून कुठंच जायचं नव्हतं, मग मी आणि अण्णा दोघंच ६ दिवस फिरून आलो.

आधी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव विट्याजवळ, खानापूर तालुका, जिल्हा सांगली. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गलाईत असतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून आमची माणसं भट्टी आणि मुशी (धातू वितळवायची भांडी) घेऊन देशभर पांगली, कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ गल्लीत गेलात तर गलाईवाला आमच्याकडचाच निघतो. अण्णांनी तमिळनाडूत सेलमला ४० वर्षं काढली. सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा विकत घ्यायची आणि त्यातून चांदी काढून दाखवायची. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम पिवळी असायची, तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे डाग. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांची बोटं अशी असतात.

मला स्वतःला कॉलेजपासून किमयागारांचं, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू बघणाऱ्या जुन्या लोकांचं वेड आहे. ती चित्रं, स्वतःची शेपूट गिळणारा साप, हिरवा सिंह, सूर्य-चंद्राचं लग्न, सात ग्रहांना सात धातू, शिसं म्हणजे शनी, चांदी म्हणजे चंद्र, तांबं म्हणजे शुक्र. सगळं मी एक गूढ शास्त्र म्हणूनच वाचत आले होते. प्राग बघायचं होतं ते त्यासाठी. अण्णा म्हणाले, "चल की, मला काय, तू नेशील तिकडं."

दिवस १: प्राग

ट्रेन वेळेवर, हॉटेल ठीक. पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि थंडी अशी की अण्णांनी कानटोपीवर मफलर गुंडाळला. सामान टाकून नेरुदोवा रस्त्यानं किल्ल्याकडे चढायला लागलो. या रस्त्यावरच्या घरांवर दगडात कोरलेल्या किंवा रंगवलेल्या खुणा आहेत: तीन व्हायोलिन, दोन सूर्य, लाल सिंह. १७७० मध्ये घरांना नंबर आले, त्याआधी हाच पत्ता. लाल सिंह किमयागारांच्या पुस्तकातही येतो, त्यामुळे बरेच गाईड या रस्त्याला किमयागारांचा रस्ता करून टाकतात. पण घरावर सिंह असला म्हणजे आत परीस होता असं काही नाही. अण्णांना मात्र ही पद्धत फार पटली. "आपल्याकडं बी असंच की, चिंचेखालचं घर, पाण्याच्या टाकीजवळचं घर."

रात्री जेवायला चेस्नेच्का, म्हणजे लसणाचं गरम सूप, वरून तळलेल्या पावाचे तुकडे. अण्णा माळकरी आहेत म्हणून मी काळजीत होते पण ते दोन वाट्या प्याले. (माळकरी किंवा शाकाहारी लोकांसाठी: बरीच सूपं मांसाच्या स्टॉकमध्ये असतात, आधी विचारा, आणि वर हॅमचे तुकडे नकोत हे वेगळं सांगा. तळलेलं चीज आणि बटाट्याचे थालीपीठासारखे ब्राम्बोराक सगळीकडे मिळतात, पण त्यातही कधी कधी मांस घालतात.)

दिवस २: किल्ला

सकाळी धुकं इतकं होतं की किल्ल्यातल्या सेंट व्हिटस चर्चचे मनोरे अर्धे गायब. हा किल्ला सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा. १५८३ मध्ये त्यानं व्हिएन्नाहून दरबार इथं हलवला आणि पुढची जवळपास ३० वर्षं युरोपातला जो कोणी ताऱ्यांत, धातूंत, देवदूतांत किंवा औषधांत डोकं घालत होता तो कधी ना कधी इथं येऊन गेला. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे १५९९ मध्ये आला, केप्लर १६०० मध्ये. आजच्या खगोलशास्त्राचा पाया आणि परीस शोधायची धडपड एकाच राजाच्या पैशावर चालली होती, आणि त्या माणसांना या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. टायको स्वतः औषधं बनवायला भट्ट्या चालवायचा.

इंग्लंडहून जॉन डी आणि एडवर्ड केली १५८४ मध्ये आले. डी मोठा गणिती, त्याच्याकडे प्रचंड मोठं ग्रंथालय. केली स्फटिकात बघायचा, त्याला देवदूत दिसायचे, आणि तो बोलेल ते डी लिहून घ्यायचा. डीनं सम्राटाला तोंडावर सांगितलं की देवदूत तुझ्या पापांबद्दल रागावलेत. १५८६ मध्ये त्यांना प्रागमधून जायला सांगितलं, मग विलेम रोझम्बर्क या सरदारानं दक्षिणेला त्र्झेबोनला आसरा दिला. डी पुढं इंग्लंडला परतला, केली थांबला, सोनं करून देतो म्हणून मोठा झाला, सरदारकी मिळाली, आणि १५९१ मध्ये क्शिवोक्लाटच्या किल्ल्यात कैद झाला. ही गोष्ट मी अण्णांना बाकावर बसून सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सोनं करतो म्हनला तिथंच चुकला. सोनं काढतो म्हनायचं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. त्याचं वजन मला चार दिवसांनी कळलं.

नंतर सोन्याची गल्ली, झ्लाता उलिच्का. रंगीत बुटकी घरं, दारातून वाकून आत जावं लागतं. सगळे म्हणतात इथं रुडॉल्फचे किमयागार राहायचे. खरं नाही ते. ही घरं किल्ल्याच्या पहारेकऱ्यांसाठी होती, नंतर सोनार राहिले, त्यावरून नाव पडलं. पण सोनार राहिले हे ऐकून अण्णा प्रत्येक घरात शिरले आणि आधी वर बघितलं, धुराडं कुठाय ते शोधायला. एका घरात जुन्या कारागिराची मांडणी आहे, तिथून त्यांना बाहेर काढायला अर्धा तास लागला.

टिप: गल्लीला किल्ल्याचं टिकीट लागतं पण संध्याकाळी आतली प्रदर्शनं बंद झाली की फुकट जाता येतं, गर्दीही नसते. घरं आतून बघायची असतील तर मात्र सकाळी उघडताच जा. दगडी रस्ते ओले असले की घसरतात, बूट चांगले घाला.

दरबारात ताडेआश हायेक नावाचा वैद्य होता. नवीन आलेल्या किमयागाराची परीक्षा आधी तो घ्यायचा असं सांगतात. अण्णांना सगळ्या दरबारात हाच माणूस आवडला. "कस लावणारा पायजेच."

रुडॉल्फ सेंट व्हिटसमध्येच पुरलाय. खालचं तळघर आम्हाला बघता आलं नाही, फोटोत दाखवलं. त्याची शवपेटी कथलाची आहे, नक्षीदार. १६११ मध्ये भावानं बोहेमियाचा (प्रागभोवतीच्या राज्याचा) मुकुटही काढून घेतला आणि जानेवारी १६१२ मध्ये तो गेला. अण्णांनी फोटो मोठा करून बघितला आणि हात जोडले.

दिवस ३: हाश्तालस्का रस्ता, आणि रात्रीचा लांडगा

२००२ मध्ये प्रागला मोठा पूर आला होता. त्यानंतर जुन्या शहरातल्या हाश्तालस्का रस्त्यावरच्या एका घराखाली तळघरं आणि भुयारं सापडली, तिथं आता स्पेक्युलम अल्केमिए नावाचं छोटं म्युझियम आहे. गाईड मुलीनं पुस्तकांच्या कपाटावरची एक मूर्ती फिरवली आणि कपाट दारासारखं उघडलं, खाली दगडी जिना. भुयारं पार किल्ल्यापर्यंत जातात असं सांगतात. खाली भट्ट्या, काचेची भांडी, वाळायला टांगलेल्या वनस्पती. मांडणी बरीचशी आत्ताची आहे हे कळतं, पण जागा खरी आहे, आणि तो ओलसर दगडाचा वास अंगावर येतो.

मी चिन्हं बघत होते, अण्णा भट्टी बघत होते. त्यांनी मला विचारलं, "पोरी, हिचं वारं कुठनं येतं विचार की." मी विचारलं. मुलगी खूश झाली, म्हणाली असं कोणी विचारत नाही, सगळे तारुण्याचं औषध खरंच चालतं का ते विचारतात (वर दुकानात बाटल्या विकायला असतात). मग तिनं अण्णांना भट्टीच्या खालच्या बाजूला नेलं आणि दोघं वाकून बघत बसले, मध्ये भाषांतराला मी.

टिप: ग्रुप लहान असतात, आधी बुक करा. जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर सावकाश.

टिन चर्चमध्ये टायकोची समाधी बघितली, लाल संगमरवरात चिलखत घातलेला. मग पाऊस वाढला आणि आम्ही हॉटेलवर.

संध्याकाळी काही करायला नव्हतं म्हणून मी अण्णांना फोनवर माझी आवडती चित्रं दाखवत होते. मिखाएल मायर, हा रुडॉल्फचाच वैद्य, त्यानं १६१७ मध्ये 'अटालांटा फुगिएन्स' छापलं. ५० चित्रं, प्रत्येकाबरोबर कविता आणि तीन आवाजांत गायचं गाणंही. २४ वं चित्र असं: पुढं एक लांडगा जमिनीवर पडलेल्या राजाला खातोय. मागं मोठा जाळ, त्यात लांडगा जळतोय, आणि राजा धडधाकट चालत बाहेर येतोय.

मी वर्षानुवर्षं हे चित्र आत्म्याच्या मरणाचं आणि पुनर्जन्माचं म्हणून बघितलं होतं. अण्णांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला. "राजा म्हंजे सोनं?" मी हो म्हटलं. "मग लांडगा काय हाय?" मी सांगितलं की लांडगा म्हणजे सुरम्याचा दगड, अँटिमनीचं खनिज, त्याला तेव्हा धातूंचा लांडगाच म्हणायचे. "मग हे गाळनंच हाय की गं!"

आणि मग अण्णांनी मला हॉटेलच्या पलंगावर बसून माझ्याच आवडत्या चित्राचा अर्थ लावून दाखवला. भेसळीचं सोनं सुरम्याबरोबर वितळवलं की सुरम्यातलं गंधक तांबं आणि चांदी ओढून घेतं, सोनं सुरम्याच्या धातूबरोबर तळाला जातं. म्हणजे लांडग्यानं राजाला गिळलं, राजा दिसेनासा झाला. मग त्या तळाच्या गोळ्याला जाळात ठेवून वारा द्यायचा, सुरमा धूर होऊन उडून जातो. लांडगा जळाला. खाली राहतं ते चोख सोनं. सुरमा अण्णांनी कधी वापरला नाही, गंधकाचा भाग मी वाचलेला होता तो मी जोडला, पण क्रम त्यांनी चित्रावरूनच सांगितला. "आमी तेजाब वापरतो. एक वाटा सोनं, तीन वाटे चांदी मिसळायची, मग तेजाबात टाकायचं. तेजाब चांदी खातंय. खाली काय राहतं म्हाईत हाय? तपकिरी चिखल. नव्या पोराला वाटतं सोनं गेलं. रडाय लागतंय. तो चिखल धुवून मुशीत घालून आटवला की मग पिवळं."

काळं, पांढरं, पिवळं, लाल असे किमयेचे टप्पे मी पाठ केले होते. सोनं आधी चिखलासारखं दिसतं हे माझ्या घरात ४० वर्षं चाललेलं होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मग मी त्यांना हाइनरिश खुनराथ या जर्मन किमयागाराच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. मोठी खोली, उजवीकडे भट्टी आणि भांडी, डावीकडे तंबूसारख्या देवघरापुढं गुडघे टेकलेला माणूस, मधल्या टेबलावर वाद्यं. काम आणि प्रार्थना एकाच छताखाली. हे अण्णांना समजवायची गरजच पडली नाही. ते नरहरी सोनारांचा अभंग गुणगुणायला लागले, त्यात देहाची बागेसरी आहे, त्रिगुणांची मूस आहे आणि मुशीत ब्रह्मरस भरलाय. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. इकडं युरोपात भट्टीला आत्म्याची गोष्ट सांगायला लावली, आणि आमच्या पंढरपूरच्या सोनारानंही तेच केलं, एकमेकांचं नावही न ऐकता. खुनराथचं ते कोरीव चित्र मी यापुढं तो अभंग आठवल्याशिवाय बघू शकणार नाही.

दिवस ४: कुत्ना होरा

प्रागहून ट्रेननं साधारण एक तास. मुख्य स्टेशन गावाबाहेर सेडलेकला आहे, तिथून छोटी ट्रेन किंवा बस. हाडांचं चर्च तिथं जवळच, सुमारे ४० हजार माणसांची हाडं. आत फोटो काढायला बंदी आहे, टिकीट आधी घ्या. अण्णा दारातूनच परत फिरले, मीही फार थांबले नाही.

हे गाव चांदीचं. १३०० मध्ये राजा वाक्लाव दुसरा यानं इथं प्राग ग्रोशन हे चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली, त्यासाठी इटलीहून जाणकार आणले, म्हणून टांकसाळीचं नाव इटालियन कोर्ट. तिथं हातोड्यानं नाणं कसं पाडायचे ते करून दाखवतात.

खाणीत अण्णा नको म्हणाले तर मी एकटी गेले. पांढरा डगला, हेल्मेट, हातात दिवा. पूर्वी खाणकामगारही पांढरेच कपडे घालायचे, अंधारात एकमेकांना दिसावं म्हणून. काही ठिकाणी दोन्ही खांदे भिंतीला घासतात. गाईडनं सगळ्यांना दिवे विझवायला सांगितलं आणि पाण्याचे थेंब ऐकत उभं केलं. तिथं मला पहिल्यांदा कळलं की किमयेची पुस्तकं धातू जमिनीच्या पोटात वाढतो, पिकतो असं का म्हणतात. त्या अंधारात ते पटतं. (बंद जागेची भीती असेल तर जाऊ नका. थंडी असते, आतून स्वेटर हवाच.)

वर आले तर अण्णा सेंट बार्बराच्या चर्चमध्ये होते. बार्बरा ही खाणकामगारांची संत. भिंतींवर जुनी चित्रं आहेत, त्यात नाणं पाडणारे कामगार आहेत, राजा-देवदूतांच्या शेजारी साधी काम करणारी माणसं. एका ठिकाणी पांढऱ्या डगल्यातल्या खाणकामगाराचा पुतळा. अण्णा त्याच्यासमोर उभे होते, हात मागे बांधून. म्हणाले, "देवळात कामगाराचा पुतळा हाय. बग."

जेवणात फळ भरलेले क्नेडलिक खाल्ले, आत आख्खं प्लम, वर लोणी आणि साखर. उकडीच्या मोदकाचा लांबचा भाऊ म्हणा हवं तर. अण्णांनी आईसाठी पार्सल मिळेल का विचारलं.

दिवस ५: व्हिएन्नाकडे

हा दिवस वाया गेला. आमची ट्रेन रद्द झाली, पुढच्या ट्रेनला उभं राहायलाही जागा नाही, स्टेशनवर साडेतीन तास. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि तिथला ब्रेड यावर दिवस काढला. शेजारी एक चेक आजोबा बसले होते, चटणी चाखून त्यांनी डोळे पुसले आणि परत पुढं हात केला. (सीट रिझर्व्हेशन घ्या, विशेषतः ज्येष्ठ सोबत असतील तर.)

दिवस ६: किर्चबर्ग आम वाग्राम

हे ठिकाण माझ्या यादीत शेवटी होतं, वेळ राहिला तर म्हणून. व्हिएन्नाहून ट्रेननं तासाभराच्या आत, सगळीकडे द्राक्षमळे, पानं पिवळी झालेली, ऊन पडलेलं.

१९८० मध्ये इथल्या ओबरस्टॉकस्टाल गावात एका जुन्या वाड्याच्या चॅपेलमध्ये फरशीखाली खड्डा सापडला. त्यात १६ व्या शतकातली एक आख्खी प्रयोगशाळा मोडून टाकलेली होती. शेकडो वस्तू: मुशी, हाडांच्या राखेच्या वाट्या, ऊर्ध्वपातनाची काच आणि मातीची भांडी, भट्टीचे तुकडे. त्या काळातली इतकी पूर्ण प्रयोगशाळा क्वचितच सापडलीय. किर्चबर्गच्या म्युझियममध्ये हे सगळं ठेवलंय. म्युझियम छोटं आहे, रोज उघडं नसतं, आधी फोन किंवा मेल करून जा.

प्रागमध्ये नवीन भांडी मांडलेली होती. इथं सगळं वापरलेलं, जळलेलं, तडकलेलं. अण्णा काचेच्या कपाटापाशी गेले आणि थांबलेच. आत एकात एक बसतील अशा लहान-मोठ्या मुशी होत्या, तोंड तीन कोनांचं, बूड गोल. एकीच्या आत हिरवट-लाल थर चिकटलेला. "ह्यात तांबं हुतं," अण्णा म्हणाले. शेजारच्या छोट्या वाट्यांकडे बोट दाखवून: "आन ही शिसं प्यायची वाटी."

तिथं एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी जर्मनमध्ये मला विचारलं की तुमचे वडील काय म्हणतायत. मी सांगितलं. चांदी शिशाबरोबर तापवायची, शिसं घाण घेऊन राखेत मुरतं, आणि शेवटी चांदीवर एक क्षण लख्ख चमक येते. त्याला अण्णा म्हणतात चांदीनं डोळा उघडला. ती चमक चुकली तर माल चुकला, म्हणून त्या वेळी कोणी बोलायचं नाही. बाईंनी हे दोनदा सांगायला लावलं आणि एका कागदावर लिहून घेतलं. म्हणजे इथं बसून सोनं बनवायच्या गप्पा होत असतीलही, पण या वाट्या खनिजात किती सोनं-चांदी आहे ते तपासायच्या आहेत, हे काम मोजून-मापून चाललेलं होतं. अण्णांचंच काम. करतो नाही, काढतो.

बाईंनी विचारलं, मुशीला तीन कोन का, लोक सारखं विचारतात. अण्णांनी उत्तर दिलंच नाही. दोन्ही हातांनी न दिसणारी सांडशी धरली, मूस उचलली, थोडी तिरकी केली आणि ओतली. मग मनगट जरा फिरवून दुसऱ्या कोपऱ्यातून ओतली. मग तिसऱ्या. कुठूनही धरा, चोच तयार. माझ्या डोळ्यात पाणी आलं. ते हात मी लहानपणी रोज बघितले होते.

अशा तीन कोनी मुशींसाठी जर्मनीतला हेस भाग प्रसिद्ध होता, तिथून त्या लांब लांब जायच्या. त्या इतक्या टिकायच्या कशा ते २००६ मध्ये अभ्यासातून कळलं, जास्त तापमानाला भाजल्यामुळे त्या मातीत मुलाइट नावाचं स्फटिक तयार होतं. कुंभारांना नाव माहीत नव्हतं, पण भाजायचं किती ते बरोब्बर माहीत होतं.

बाहेर आल्यावर द्राक्षमळ्याच्या कडेला बाकावर बसून अण्णांनी सेलमला माझ्या चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला, आता गलाई तोच बघतो. त्याच्या मागं भट्टी चालू होती, आवाजात काही ऐकू येईना. अण्णा ओरडून सांगत होते, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीची मूस बघितली, तीन कोनांची, शिसं प्यायच्या वाट्या बघितल्या, सगळं आपल्यासारखंच. भाऊ म्हणाला, "मग काका, सोनं निघालं का त्यांना?"

अण्णा म्हणाले, "धूळ चांगली असंल तर निघालं असंल."